पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या जीपचा ब्रेक धरतोय? कॅलिपर मोकळा करण्याची पद्धत

पाचगणी : स्ट्रॉबेरीचा हंगाम जवळ आला की पावसाळाभर दारात उभ्या असलेल्या बोलेरो, पिकअप आणि थार पुन्हा रस्त्यावर येतात. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं जातो. पाचगणी, भिलार पट्ट्यात तो कमी असला तरी धुकं आणि ओल महिनोन्महिने हटत नाही. त्यात टेबललँडकडच्या रस्त्यांची तांबडी माती चाकात जाऊन बसते. नुकसान बाहेरून दिसत नाही, कारण ते कॅलिपरच्या आत झालेलं असतं.

या गाड्यांना बहुतेक पुढं डिस्क आणि मागं ड्रम असतो. पुढच्या डिस्कला दोन पॅड दाबून धरतो तो कॅलिपर. पेडल सोडल्यावर त्यानं मागं सरकायला हवं. सरकला नाही तर पॅड डिस्कला घासतच राहतो. मग गाडी एका अंगाला ओढते, अ‍ॅव्हरेज घसरतो, एकच चाक तापतं आणि जळकट वास येतो.

गावातल्या गावात हे खपून जातं, पण पसरणी घाटात नाही. पाचगणी वाईपेक्षा सुमारे ६०० मीटर उंच आहे, म्हणजे उतरताना ब्रेकवर आधीच ताण असतो. घासून तापलेल्या कॅलिपरची उष्णता ब्रेक ऑइलला लागते. नवं डॉट ३ ऑइल साधारण २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषत असतं आणि पाणी मुरलेलं ऑइल १४० अंशांच्या आसपासच उकळू शकतं. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून वास आला की गाडी बाजूला घ्या, थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

आधी दोष कुठं आहे ते बघा. सपाट जागेवर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकनं उचला आणि चेसिसखाली घोडी द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. चाक हातानं फिरत नसेल तर कॅलिपरचा हवा काढायचा निप्पल किंचित सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकलाय. दोष बहुधा आतून फुगलेल्या रबरी होजचा किंवा मास्टर सिलिंडरचा. तरीही चाक धरूनच राहिलं, तर कॅलिपर जाम आहे. ही तपासणी न करता कॅलिपर बदलणारे बरेच भेटतात. पैसे जातात आणि ब्रेक पुन्हा धरतो. निप्पल गंजलेला असेल तर रिंग पानाच वापरा, उघड्या पान्यानं त्याच्या कडा गोल होतात.

सरकत्या कॅलिपरमध्ये जाम होण्याची पहिली जागा म्हणजे त्याच्या पिना. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजला असेल तर संशय तिथंच घ्या. कॅलिपर सोडवला की तारेनं बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. पिनेला गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास मुरू द्या. तो डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये. मग पीन सरळ ओढण्याऐवजी डावी-उजवी फिरवत बाहेर काढा. वरची आणि खालची पीन वेगळी असू शकते, कुठली कुठं होती ते लक्षात ठेवा. बारीक पॉलिश पेपरनं पीन साफ करा आणि ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल यानं रबर फुगतं आणि महिन्याभरात पीन पुन्हा अडकते.

पिस्टन अडकला असेल तर काम नाजूक आहे. निप्पल सैल करून सी-क्लॅम्पनं तो हळूहळू आत दाबून बघा. हलत नसेल तर कॅलिपर होजला जोडलेला ठेवून समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, निप्पल बंद करा आणि दुसऱ्या माणसाला पेडल हळूहळू दाबायला सांगा. हातानं न हलणारा पिस्टन ऑइलच्या दाबानं बहुधा हलतो. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर मोकळा असलेला क्लॅम्पनं धरून ठेवा, नाहीतर तोच बाहेर येईल आणि अडकलेला तसाच राहील. कंप्रेसरची हवा मारून पिस्टन उडवायची पद्धत काही ठिकाणी चालते, पण त्यात बोटं चेमटतात. गॅसनं तापवणं त्याहून वाईट.

पिस्टनवर खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, पिस्टनच बदला. सील आणि धूळ-रबराचं किट प्रत्येक वेळी नवंच घाला, बसवताना त्याला स्वच्छ ब्रेक ऑइल लावा. नंतर नवं ऑइल भरून हवा काढा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा, कारण पहिल्या दोन-तीन वेळा ते तळालाच जातं. सपाट रस्त्यावर हळू वेगानं ब्रेक तपासा आणि चार-पाच किलोमीटर फिरून दोन्ही चाकांजवळ हात धरून बघा. एक बाजू अजूनही जास्त तापत असेल तर घाट उतरण्याआधी गाडी मेकॅनिककडं दाखवा.

पुढच्या पावसाळ्यात गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून चार वेळा ब्रेक दाबा. ओल्या जागी फार दिवस उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ड्रमही धरतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.