गणितातून आलेला घंटानाद

वाद्य म्हटले की डोळ्यांसमोर एखादा पदार्थ उभा राहतो. तंबोऱ्याचा भोपळा, तबल्याची शाई, सनईचे पितळी तोंड, पेटीचा भाता. वादकही वाद्याच्या आवाजाविषयी बोलतात ते बहुधा पदार्थांच्याच भाषेत. आवाज जाड आहे, पातळ आहे, कोरडा आहे, त्याला धार आहे, त्यात घुमारा नाही, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याला लाकूड नाही, तार नाही, कातडे नाही, जे केवळ संगणकातील एक आज्ञावली आहे, अशा वाद्याच्या आवाजालाही जगभरचे वादक गेली कित्येक वर्षे ‘काचेसारखा’, ‘घंटेसारखा’, ‘कांशासारखा’ म्हणत आले आहेत. हे वाद्य म्हणजे एफ. एम. पद्धतीचा सिंथेसायझर. तो आधी कागदावर होता, मग पेटीत आला, त्या पेटीचे कारखाने थांबल्यावर संगणकात शिरला आणि तिथे आजही टिकून आहे. तो का टिकला, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

१९६३ साली ‘सायन्स’ या अमेरिकी नियतकालिकात बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज यांचा एक लेख आला. संगणक हे वाद्य होऊ शकते, असे त्यात मांडले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतरचना शिकणाऱ्या जॉन चौनिंग यांच्या हाती तो लेख पडला. हे गृहस्थ मूळचे तालवादक. संगणकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही १९६४ साली ते न्यू जर्सीला जाऊन मॅथ्यूज यांना भेटले आणि त्यांच्या संगीत आज्ञावलीच्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची पेटी घेऊन परतले. स्टॅनफर्डच्या संगणकावर रात्री-अपरात्री त्यांचे प्रयोग सुरू झाले.

१९६७ साली ते कंपाचा अभ्यास करत होते. गवयाचा किंवा व्हायोलिनवादकाचा स्वर जेव्हा हलका थरथरतो, तेव्हा त्याची कंपनसंख्या सेकंदाला पाच-सहा वेळा वरखाली होत असते. चौनिंग यांनी हा कंप वाढवत नेला. दहा वेळा, वीस वेळा, पुढे शंभर वेळा. एका मर्यादेपलीकडे कानाला थरथर ऐकू येईनाशी झाली आणि तिच्या जागी एक नवाच ध्वनी उमटला. स्वर हलतो आहे असे वाटण्याऐवजी स्वराची जातच बदलली होती. दोन साधे, सपाट, निर्जीव वाटणारे सूर होते. एकाने दुसऱ्याला फार वेगाने हलवले आणि त्यातून भरगच्च नाद तयार झाला.

यामागचे गणित शाळकरी मुलालाही कळेल इतके सोपे आहे. समजा, मूळ सुराची कंपनसंख्या २०० आहे आणि त्याला हलवणाऱ्या सुराचीही २०० आहे. मग २००, ४००, ६००, ८०० अशी पटीतली आंदोलने निर्माण होतात आणि कानाला तो सुरेल, बांधीव स्वर वाटतो. पण हलवणारा सूर २८० चा केला की ८०, २००, ३६०, ४८०, ६४०, ७६० अशी आंदोलने निघतात. ही २०० च्या पटीत बसत नाहीत. घंटा, झांज, घंगाळ यांसारख्या धातूच्या वस्तूंवर आघात केला की अशीच बेपट आंदोलने उठतात. म्हणून कानाला धातू ऐकू येतो. धातू कुठेच नसतो, असतो तो फक्त आकड्यांचा परस्परसंबंध. ‘घंटेसारखा’ हे वादकांचे वर्णन केवळ कविकल्पना नाही. कानाने केलेले ते अचूक मोजमाप आहे.

आणखी एक गोष्ट चौनिंग यांच्या कामी आली. फ्रान्सचे जाँ-क्लोद रिसे यांनी ट्रंपेटच्या आवाजाचे पृथक्करण करून दाखवले होते की फुंकर जितकी जोरकस, तितकी वरची आंदोलने अधिक. म्हणजे जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळही होतो. एफ. एम. पद्धतीत एकच आकडा कमीजास्त केला की हेच घडवता येत होते. विजेच्या वाद्यांत तोवर न सापडलेला जिवंतपणा इथे सापडला.

शोध लागला, पण घेणारा मिळेना. अमेरिकेतील ऑर्गन बनवणाऱ्या नामवंत कंपन्यांना तो दाखवला गेला. त्यांच्या अभियंत्यांना त्यात काही दिसले नाही. जपानच्या यामाहा कंपनीचे इशिमुरा नावाचे तरुण अभियंते आले आणि त्यांना मात्र थोड्याच वेळात सारे उमगले. चौनिंग यांचा शोधनिबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला, पेटंट १९७७ साली मिळाले. मधल्या काळात स्टॅनफर्डने त्यांना नोकरीत कायम करायला नकार दिला होता. १९७५ मध्ये त्यांना परत बोलावले गेले. पुढे याच पेटंटने विद्यापीठाला दोन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळवून दिली. घरच्या माणसाचे मोल बाहेरच्याने केल्यावर कळावे, हे काही आपल्याकडेच घडते असे नाही.

१९८३ साली यामाहाचा डी. एक्स. ७ बाजारात आला. एकसष्ट पट्ट्या, एका वेळी सोळा स्वर, प्रत्येक स्वरामागे एकमेकांना हलवणारे सहा सूर आणि ते सहा सूर जोडण्याच्या बत्तीस रीती. अमेरिकेत किंमत दोन हजार डॉलरांच्या आत. दीड लाखाहून अधिक नग खपले. मात्र त्यात नवा आवाज घडवणे महाकठीण होते. दोन ओळींचा चिमुकला पडदा, एक सरकपट्टी आणि सपाट बटणांची रांग. त्यामुळे बहुतेक वादकांनी कंपनीने भरून दिलेल्या आवाजांवरच भागवले. डेव्ह ब्रिस्टो आणि गॅरी ल्यूएनबर्गर यांनी घडवलेल्या त्या आवाजांतला विजेचा पियानो, घंटा आणि तुटक ‘बास’ हे ऐंशीच्या दशकातील इंग्रजी गाण्यांची ओळखच बनले. हीच पद्धत यामाहाच्या लहान घरगुती कीबोर्डांत आली, संगणकाच्या ध्वनिपत्रांत आली, व्हिडिओ खेळांत आली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक मोबाइल फोनच्या घंटीतही आली. ज्यांनी हे नाव कधी ऐकले नाही, त्यांनीही हा आवाज ऐकलेला आहे.

नव्वदीच्या दशकात हवा फिरली. खऱ्या वाद्यांचे मुद्रित तुकडे वाजवणारे कीबोर्ड आले आणि एफ. एम.चा आवाज ‘थंड’, ‘प्लॅस्टिकचा’ म्हणून हिणवला जाऊ लागला. त्याच दशकात पेटंटची मुदत संपली. मग संगणक पुरेसे वेगवान झाले आणि पेटीवाचूनच हा आवाज काढणे शक्य झाले. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने आधी एफ. एम. ७ आणि २००६ साली एफ. एम. ८ ही आज्ञावली काढली. पुढे ‘डेक्स्ड’ नावाची आज्ञावली आली. ती फुकट आहे आणि तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते. आज घरबसल्या संगीत करणाऱ्या मुलामुलींना डी. एक्स. ७ भेटतो तो बहुधा याच रूपात.

ती टिकून राहण्याची कारणे काही अगदी व्यवहारातली आहेत. संगणकावर तिचा भार पडत नाही. डी. एक्स. ७ चे बत्तीस आवाज अवघ्या ४०९६ बाइटमध्ये मावतात, म्हणजे या लेखाच्या एखाद-दोन परिच्छेदांएवढ्या जागेत. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी खपून घडवलेला आवाज आजही जसाच्या तसा उघडता येतो. लोकगीताची चाल जशी हस्ते परहस्ते फिरते, तसे हे आवाज फिरत राहिले. शिवाय त्यांची सुरुवात टोकदार असते. दहा वाद्यांच्या गर्दीतही जलतरंगाचा थेंब वेगळा ऐकू यावा, तसा हा सूर वेगळा निघतो. बोटाच्या जोराला तो लगेच दाद देतो. हळू दाबले तर मऊ, गोल. जोरात दाबले तर चकचकीत आणि किंचित करकरीत. आणि आकड्यात तिळाएवढा फरक केला तरी अनपेक्षित काहीतरी हाती लागते.

पण सर्वांत बोलके उदाहरण वेगळेच आहे. मूळ डी. एक्स. ७ चा ध्वनी आजच्या मानाने थोडा खरखरीत होता. संगणकात तो स्वच्छ निघू लागला, तेव्हा जाणकार वादक म्हणाले, फारच स्वच्छ आहे, जुन्याची मजा नाही. म्हणून ‘डेक्स्ड’मध्ये नवा स्वच्छ आवाज, जुन्या यंत्राचा आवाज असे पर्याय ठेवावे लागले. यंत्राचा दोष मुद्दाम, मेहनतीने पुन्हा घडवला गेला. मिरजेच्या कारागिरांना याचे नवल वाटणार नाही. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवून आपण जी जवारी लावतो, ती तरी काय आहे? नितळ तारेला मुद्दाम दिलेला अडथळाच. तो काढला की तंबोरा शुद्ध होत नाही, मुका होतो. आपल्या भागातल्या माणसाला हे बोलीवरूनही कळते. शब्द तेच असतात, पण हेल गेला की माणूस ओळखू येत नाही.

या कौतुकाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद कित्येक दशके गोव्याच्या वादकांनी तोलून धरले होते. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले हे व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे लोक. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना करणारे सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. शेकडो जणांची नावे तबकड्यांवर छापलीच गेली नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सिंथेसायझर आणि तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रण करण्याची रीत आली आणि पन्नास-साठ जणांचे काम दोन-चार जणांवर आले. अनेकांच्या घरातली व्हायोलिनची पेटी बंद झाली ती तेव्हापासून. हा दोष चौनिंग यांच्या गणिताचा नव्हे. पण ज्या आवाजाने एका पिढीला खेड्यातल्या खोलीत बसून संगीत रचण्याची सोय दिली, त्याच्या जातीच्या आवाजांनी आधीच्या पिढीच्या हातचे काम नेले, हेही तितकेच खरे.

म्हणून ‘निर्जीव’ हा शब्द वापरताना जरा थांबावे. हाच शब्द पेटीलाही लावला गेला होता. परदेशी वाद्य, तिला मींड नाही, श्रुती नाहीत, असे म्हणत आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला सुमारे तीन दशके जावी लागली. त्या काळातही बेळगावच्या रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या वादकांनी त्याच पेटीतून गाणे काढले आणि शिष्यांना दिले. पेटी टिकली ती कोणत्या समितीच्या निर्णयाने नव्हे, तर ती वाजवणाऱ्यांनी तिच्या मर्यादा ओळखून तिच्यावर कष्ट घेतले म्हणून. एफ. एम.चा आवाज संगणकात टिकला त्याचेही कारण याहून फार वेगळे नाही. आज ज्या घरात आजोबांची पेटी आणि नातीचा संगणक एकाच खोलीत आहेत, तिथे दोघांनी एकदा एकमेकांचे वाद्य ऐकावे. ‘काचेसारखा’ म्हणजे नेमके काय, हे आजोबांना उमगेल आणि ‘जवारी’ हा शब्द नातीच्या कानी पडेल. तिच्या पडद्यावरच्या इंग्रजी नावांच्या यादीत तेवढी एका शब्दाची भर पडली तरी पुष्कळ झाले.