कूटनाईचा स्टर्जन

२० सप्टेंबर १९७४ रोजी आयडाहो राज्यातील कूटनाई जमातीने अमेरिकेच्या सरकारविरुद्ध युद्ध पुकारले. जमातीची माणसे होती ६७! बॉनर्स फेरी गावच्या हमरस्त्यावर उभे राहून ती मोटारवाल्यांकडे दहा-दहा सेंट जकात मागू लागली. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले होते, हे कबूल केले पाहिजे. पण १८५५ च्या तहात हे लोक सामील नव्हते, आणि म्हणून त्यांच्या वाट्याला राखीव भूमीही आली नव्हती. अध्यक्ष एमी ट्राइस या बाईंच्या रक्तहीन लढाईने अखेर साडेबारा एकर जमीन पदरात पडली.

याच सुमारास शेजारून वाहणाऱ्या कूटनाई नदीत दुसरी एक गोष्ट घडत होती. मला ती अधिक मोठी वाटते. तेथील पांढऱ्या स्टर्जन माशाची शेवटची भरघोस पिढी १९७४ सालची. वरच्या अंगाला, मोंटाना राज्यात, लिबी धरणाने १९७२ पासून पाणी अडवले होते. बर्फ वितळून वसंतात लोंढा आला की अंडी घालायची, हा या माशाचा हजारो वर्षांचा रिवाज. लोंढाच मोडला. अंडी पडत, पण वाळूत गुदमरून जात. मोठे मासे दिसत होते; पिले तेवढी दिसत नव्हती. शंभरी गाठू शकणाऱ्या प्राण्याचा वंश खुंटतो आहे हे लवकर ध्यानात यावे कसे?

१९८९ च्या सुमारास मत्स्यबीज केंद्राचे काम हाती घेतले ते या मूठभर जमातीने. पैसा मात्र धरणांची वीज विकणाऱ्या सरकारी खात्याचा! नदीतले नर-मादी पकडायचे, बीज काढून त्यांना परत सोडायचे, पिले वाढवायची. प्रत्येक पिलाच्या अंगावरील ठरावीक हाडकी खवले काढून खूण करायची, कातडीखाली तांदळाएवढी चकती बसवायची. पुढे मासा जाळ्यात आला की यंत्राने तिचा आकडा वाचून लांबी-वजनाची नोंद होते. ही चोपडी नसती तर सोडलेली पिले जगली की मेली, हेही कळले नसते. १९९४ मध्ये सरकारने या माशाला संकटग्रस्त ठरवले. त्याआधीच, १९९२ साली, पहिली पिले नदीत गेली होती.

येथे मादी वयात यायला सुमारे ३० वर्षे लागतात. १९९२ च्या पिलांनी आता तिशी ओलांडली आहे. बॉनर्स फेरीच्या खालच्या अंगाला जमातीने २०१४ मध्येच वाळूवर दगडगोटे अंथरून ठेवले आहेत.