मुखकर्करोगाची नियमित तपासणी (संदर्भ : मयूर विहार, दिल्ली)

ओठ, जीभ, गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू आणि जिभेखालची जागा यांची, काही दुखत-खुपत नसताना ठरावीक काळाने करून घेतलेली पाहणी म्हणजे मुखकर्करोगाची तपासणी. तिला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, उपाशीपोटी जावे लागत नाही. चांगला उजेड, हातमोजे, दंतवैद्याचा छोटा आरसा आणि काय पाहायचे हे ठाऊक असलेली नजर, एवढ्यावर पाच-दहा मिनिटांत काम होते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती एकदा तरी झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांत ०.९ टक्के आणि पुरुषांत १.२ टक्के एवढेच निघाले. दुसरीकडे, २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण सापडतात आणि सुमारे ८० हजार दगावतात.

तपासणारा आधी ओठ उलटवून पाहतो, मग गाल बाजूला ओढून हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच. मळलेल्या तंबाखूचा बार दाबून ठेवतात ती हीच जागा, आणि भारतातला मुखकर्करोग बऱ्याचदा इथेच सुरू होतो. जीभ जाळीच्या कापडाने धरून दोन्ही कडा पाहतात, कारण कडेचा व्रण आरशासमोर उभे राहूनही सहसा दिसत नाही. शेवटी मान चाचपून गाठी शोधतात. शोध असतो तो पुसून न जाणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचा, त्याहून धोक्याच्या मखमली लाल चट्ट्याचा आणि दोन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा. सुपारी खाणाऱ्यांत गालाची त्वचा आतून ताठ होत जाते. मुंबईच्या एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ही त्याची घरगुती चाचणी. दिल्लीत गोलगप्पा म्हणा की पुण्यात पाणीपुरी, ती तोंडात मावेनाशी झाली तर दोष पुरीच्या आकाराला देऊ नये.

मयूर विहार ही यमुनेच्या पूर्वेकडची, फेज १, २ आणि ३ अशी पसरलेली वसाहत. इथे राहणाऱ्याला तपासणीसाठी लांब जावे लागत नाही. मेट्रोच्या निळ्या मार्गाने, गाडी न बदलता, बोटॅनिकल गार्डनला उतरले की नोएडाच्या सेक्टर ३९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध व संशोधन संस्था आहे. १९७९ मध्ये पेशीविज्ञानाचे केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी होते. खिचडीपूरचे लालबहादूर शास्त्री रुग्णालय आणि वसुंधरा एन्क्लेव्हमधले धर्मशिला नारायणा रुग्णालयही जवळच आहेत. सोय नाही ही सबब या भागात चालण्यासारखी नाही.

व्यसनाचा चेहरा मात्र प्रांतागणिक बदलतो. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते आणि ३.८ टक्के धूम्रपान करत होते. दिल्लीत धूररहित ८.८ टक्के आणि धूम्रपान ११.३ टक्के. महाराष्ट्रातली मिश्री, मावा आणि खर्रा इथे खैनी होऊन भेटतात. मिश्री लावणारी आजी स्वतःला तंबाखूवाली समजत नाही. ती दात घासते, एवढेच. म्हणून तपासणीआधी ‘तंबाखू खाता का?’ एवढेच विचारून भागत नाही, वस्तूचे नाव घेऊन विचारावे लागते.

या कामाची एक जुनी पायवाट पुणे जिल्ह्यातून जाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांत जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीने जीव वाचतो याचा पुरावा मात्र केरळने दिला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ३५ वर्षांवरील लोकांची तोंडे दर तीन वर्षांनी पाहिली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटले, आणि १५ वर्षांच्या पाठपुराव्यातही ही घट २४ टक्के राहिली. ज्यांना कसलेच व्यसन नव्हते त्यांच्यात फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सरसकट तपासणीला पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले. तैवानने जोखीम असलेल्यांनाच निवडले. तिथे २००४ पासून धूम्रपान करणाऱ्या आणि सुपारी चघळणाऱ्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होते.

भारताचा सरकारी कार्यक्रम ३० वर्षांवरील सर्वांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी ठेवतो. रोज बार भरणाऱ्याला हे अंतर फार मोठे आहे. त्याने वर्षातून एकदा तरी तोंड दाखवावे, आणि दाढेसाठी दंतवैद्याकडे गेलेच असताना गालही पाहायला सांगावे.

महाराष्ट्राच्या राजकारणाने या रोगाची दोन टोके पाहिली. शरद पवार यांना २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गाठले. शस्त्रक्रियेनंतर ते दिल्लीत पूर्ण दहा वर्षे कृषिमंत्री होते आणि आपल्या व्यसनाबद्दल त्यांनी जाहीर खंत व्यक्त केली. त्यांच्याच पक्षाचे आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, याच रोगाने गेले.

चट्टा सापडला म्हणजे कर्करोग ठरला असे नव्हे. आधी तंबाखू बंद करून काही दिवसांनी पुन्हा पाहतात. चट्टा टिकला किंवा लाल निघाला तर छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढला की रोग पसरतो, ही समजूत चाळींपासून सोसायट्यांपर्यंत ऐकू येते आणि अनेकांचे महिने त्या भीतीत जातात. ती खरी नाही.