जळत्या घराचा विमा

परवा रात्री साडेदहाला आतेभावाचा फोन आला. एवढ्या उशिरा फोन म्हटलं की आधी छातीत धस्स होतं. पण सुदैवाने तसं काही नव्हतं. स्वारी नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करतेय, त्यामुळे कंपनीचा ग्रुप विमा जाणार. वय 46, तीन वर्षांपूर्वी डायबेटीस निघालाय, सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू. एजंट म्हणतोय, "साहेब, फॉर्मवर शुगरचं लिहूच नका. उगाच हप्ता वाढेल. पाच वर्षं काढलीत की कोणी विचारत नाही."

"दादा, काय करू?"

मी म्हटलं, दोन दिवस थांब. कारण हा प्रश्न ऐकला की मला बाबांची फाईल आठवते.

बाबांनी 1991 साली मेडिक्लेम घेतला. फॉर्म एजंटनेच भरला, आजारांच्या रकान्यांत ओळीने 'नाही' लिहिलं आणि बाबांनी सही केली. ब्लडप्रेशरची गोळी ते कित्येक वर्षं घेत होते, पण तो 'आजार' आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही! 1995 मध्ये हार्ट अ‍ॅटॅक आला. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'दहा वर्षांपासून रक्तदाब'. त्या एका ओळीवर क्लेम नामंजूर झाला. पत्रातला शब्द अजून लक्षात आहे... प्री-एक्झिस्टिंग. आईच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या.

मला बरीच वर्षं कंपनीचा नुसता राग होता. पुढे ह्या शब्दाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा राग गेला नाही, पण गोष्ट समजली.

आपल्याकडे सर्वसामान्य विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण 1973 च्या सुरुवातीला अमलात आलं. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन आणि तिच्या चार कंपन्या झाल्या. त्यांचा धंदा मुख्यतः आग, जहाजावरचा माल, मोटारी ह्यांचा. 1986 साली ह्याच घरात मेडिक्लेमचा जन्म झाला. आता आगीच्या विम्याचा साधा नियम काय? घर आधीच जळत असेल तर त्याचा विमा उतरवता येत नाही. बरोबरच आहे, नाहीतर धूर दिसल्यावरच सगळे धावतील! हाच नियम माणसाच्या शरीराला लावला गेला. पॉलिसी घेताना जो आजार अंगात आहे तो बाहेर, आणि तोही कायमचा.

पण डायबेटीस म्हणजे आग आहे का? 1922 साली टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्शुलिन दिलं गेलं. त्याआधी लहान वयात डायबेटीस झालेलं मूल फार तर एखाद-दोन वर्षं काढायचं. औषधांनी आजार बरा केला नाही, लांबवला, आणि माणसाला त्याच्यासोबत जगायला शिकवलं. म्हणजे हे जळतं घर नव्हे, ही शेगडी आहे. नीट सांभाळली तर चाळीस वर्षं घर चालतं. विम्याच्या कागदाला मात्र शेगडी आणि वणवा ह्यांतला फरक कळत नव्हता.

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. जर्मनीत बिस्मार्कने 1883 साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. सगळ्यांनाच सक्ती म्हटल्यावर निवडून निवडून आजारी माणसंच येतील ही भीती उरत नाही. आपली ईएसआय योजनाही (कायदा 1948 चा, प्रत्यक्ष सुरुवात 1952 साली कानपूर आणि दिल्लीत) त्याच वळणाची. वर्गणी पगारावर ठरते, साखरेच्या रिपोर्टवर नाही. ग्रुप विम्यात बहुतेक वेळा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, त्यामागे साधारण हाच हिशोब असतो. माझा भाऊ इतकी वर्षं त्या छपराखाली होता, म्हणून त्याला पाऊस माहीत नव्हता.

बरं, वैयक्तिक पॉलिसीतही चित्र हळूहळू बदललं. 1999 च्या कायद्याने इर्डा आली. 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने एका पॉलिसीधारकाच्या खटल्यात सांगितलं की कंपनीला मनमानी करून मेडिक्लेमचं नूतनीकरण नाकारता येणार नाही. 2008 च्या सुमारास 'कायमचा बाहेर' जाऊन 'सलग चार वर्षांनंतर आत' असं आलं. 2011 मध्ये पोर्टेबिलिटी आली, म्हणजे कंपनी बदलली तरी भोगलेला प्रतीक्षाकाळ फुकट जात नाही. आणि 2024 साली ही चार वर्षांची कमाल मर्यादा तीनवर आली.

आता त्या एजंटच्या 'पाच वर्षां'कडे येऊ. हेही 2024 चंच. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण त्याच नियमात एक अपवाद आहे, सिद्ध झालेली फसवणूक. बाबांना माहीत नव्हतं, ही एक गोष्ट. रोज दोनदा गोळी घेणाऱ्याने जाणूनबुजून 'नाही' लिहिणं ही दुसरी. शिवाय पहिल्या पाच वर्षांत काही झालं तर? लिहिलं तर तीन वर्षांची वाट, न लिहिलं तर पाच वर्षांची धाकधूक. ह्यात फायदा कुठला?

तर दोन दिवसांनी मी त्याला फोन करून सांगितलं ते असं. एक, फॉर्म स्वतः भर. शुगर लिही, गोळ्यांची नावं लिही, झेरॉक्स ठेव. हप्ता जास्त पडेल, पण सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा दिलासा. दोन, राजीनाम्याआधीच कंपनीच्या विमावाल्यांना विचार की त्यांच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, आणि ग्रुपमधली वर्षं प्रतीक्षाकाळात धरतील का. नोकरी सुटून मध्ये खंड पडला की हा धागा तुटतो. तीन, हप्त्याच्या आकड्याआधी बघ की डायबेटीससाठी किती महिने थांबायचं आहे, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, बिलातला किती टक्के वाटा आपण भरायचा. चार, रक्कम आत्ताच पुरेशी घे. नंतर वाढवलीस तर वाढीव रकमेला प्रतीक्षा नव्याने सुरू होते. आणि पाच, गोळ्या, रक्ततपासण्या, डॉक्टरांची फी हा दरमहाचा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही. तो वेगळा बाजूला काढ.

जाता जाता आत्याचंही सांगितलं. तिला 74 पूर्ण. 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळतं आणि त्यात जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे जी गोष्ट बाबांना मिळाली नाही, ती त्यांच्या बहिणीला मिळतेय. उशिरा का होईना.

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण दादा, सगळं खरं लिहून त्यांनी पॉलिसीच नाकारली तर?"

ते होऊ शकतं. नवी पॉलिसी नाकारायचा हक्क कंपनीला अजूनही आहे, आणि चाळीस वर्षांच्या ह्या प्रवासात तेवढी एक भिंत उभी राहिली आहे. मी म्हटलं, मग दुसऱ्या कंपनीकडे जाऊ, तिसऱ्या जाऊ. पण त्या रकान्यात 'नाही' लिहून सही करायची नाही. आपल्या घरात ती सही एकदा झाली आहे.

बाबांची फाईल अजून माळ्यावर आहे. टाकायला हवी, पण टाकवत नाही. असो.