सात बहिणींची पाळ

कोकणात फिरून आलेली माणसं सिंधुदुर्गाचं कौतुक सांगतात. मालवणजवळ, कुरटे बेटावर, १६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला. बोटीत बसून जावं लागतं, चारही बाजूंनी समुद्र. ऐकून आपल्यातली एखादी म्हणतेच, "आपल्या तिरोड्याकडे काय आहे बाई? धानाच्या बांध्या अन् तलाव."

तर आज त्या तलावांबद्दलच बोलू. आपल्याला समुद्राचा किनारा नाही, तलावाची पाळ आहे. आणि किल्ल्यावरून आता कोणी लढत नाही, तलाव मात्र आजही कामावर आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आपण मामा तलाव म्हणतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, म्हणून जुन्या दप्तरात आपले तलाव भंडारा जिल्ह्यात सापडतात. यातले पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. असं सांगतात, की गोंड राजांनी शब्द दिला होता, जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन. कोहळ्यांची नजर जमिनीचा उतार ओळखण्यात तयार होती. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची आणि तेवढीच मातीच्या पाळीनं बंद करायची. पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग. एका तलावाचं उतू गेलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. ना सिमेंट, ना यंत्र.

एवढा खटाटोप कशाला, पाऊस तर आपल्याकडे चांगला पडतो? रोवणा केलेल्या बाईला हे विचारावं लागत नाही. पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि धान निसवायच्या वेळी, हस्त नक्षत्राच्या सुमारास, नेमका दगा देतो. तेव्हाचं एक पाणी मिळालं तर धान घरात येतं, नाहीतर तणस. तलाव त्या एका पाण्यासाठी आहे.

या सगळ्यांत मोठं नाव नवेगाव बांधचं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. पुढे लोकांनी कोलू पाटलाला देव केलं, कोलासूर म्हणून त्यांचं ठाणं तिथल्या टेकडीवर आहे. तलावाभोवतीच्या त्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. गोष्ट अशी, की दिवसभराची माणसं थकून झोपली की रात्री या सात बहिणी यायच्या आणि कोलू पाटलाबरोबर पाळीचं काम करायच्या.

मला ही गोष्ट फार खरी वाटते. मातीची टोपली डोक्यावर घेऊन पाळ चढणाऱ्या बाया प्रत्येक तलावावर असणारच. त्यांची नावं कुठल्या दप्तरात नाहीत. कोलू पाटलाचं नाव राहिलं. बहिणी सात होत्या एवढाच हिशेब राहिला.

आपल्या तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे तलाव मात्र इंग्रजी अमलातले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडल्यावर सरकार पाटबंधाऱ्याच्या कामाकडे वळलं, त्या काळानंतरची ही बांधकामं. आज तिथे लोक सहलीला जातात, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. आपल्या जिल्ह्यात सारस टिकला तोही तलाव आणि धानाच्या बांध्यांमुळेच.

मग बिघडलं कुठे? १९५० साली मालगुजारी रद्द करणारा कायदा झाला, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली ते चांगलंच झालं, तिच्याबरोबर वेठबिगार होती. पण उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकायचा, पावसाआधी पाळ बघायची, तुडूम नीट करायचं, ही गावाची सवयही हळूहळू सुटली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासेमारी सोसायटीकडे. मालक पुष्कळ, घरधनी कोणी नाही. गाळ साचला, बेशरम माजली, आणि उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या बुडाशी कोणीतरी एक बांधी वाढवली. पुढच्या वर्षी दुसरी.

इथे एक कागद लक्षात ठेवा. आपल्या विदर्भात गावाचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतं. जमीन महसूल कायद्याच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. सरकारी पडीत जमिनीवर गुरं चारणं, सरपण घेणं याचे गावाचे हक्क निस्तारपत्रकात, आणि पाणी, मासेमारी, वाटा यांच्या गावच्या चालीरीती वाजिब-उल-अर्जात. बँकेच्या कामाला तहसीलला जाल तेव्हा हे दोन्ही कागद मागा. पुरुष मंडळी सातबारा बघतात, हे कागद क्वचितच कोणी बघतं.

अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजाच्या बायांनी तर वेगळंच काम हाती घेतलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीनं त्यांनी तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात बुड नांगरलं आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ओळीनं उभं राहून, चिखलात, रोवणा करतात तशाच. माशांना खायला आणि अंडी घालायला जागा झाली, तेव्हा कमी होत चाललेले गावरान मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले. आधी घरातले हसले होते म्हणे, तलावात कुठे रोवणा करतात का! या बाया दिवसा काम करतात, आणि त्यांची नावं गटाच्या वहीत आहेत.