शब्दांची वंशावळ

१४ फेब्रुवारी उजाडला की बाजारपेठा निराळ्याच उत्सवात दंग होतात. ख्रिस्तसभेच्या उपासना-पंचांगात मात्र तो दिवस संत सिरिल आणि संत मेथोडियस या दोन सख्ख्या भावांचा आहे. थेस्सलोनिका या ग्रीक नगरीत जन्मलेले हे बंधू इ. स. ८६३ च्या सुमारास मोरावियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून स्लाव्ह लोकांत गेले. त्या लोकांच्या बोलीसाठी त्यांनी लिपी घडवली आणि शुभवर्तमान व उपासनाविधी त्या बोलीत आणले. पण ज्या भाषेत तोवर ग्रंथरचना झालेली नव्हती, तिच्यात 'देव', 'पवित्र', 'क्रूस' कसे म्हणायचे? ते शब्द आले तरी कोठून? या प्रश्नाच्या उत्तरात एका मोठ्या मानवसमूहाचा इतिहास दडलेला आहे.

पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन, बल्गेरियन, युक्रेनियन, रशियन या आज स्वतंत्र भाषा आहेत. एके काळी त्या एकच बोली होत्या. त्या काळाचा शिलालेख नाही की बखर नाही. साक्षीदार आहेत ते केवळ शब्द. ही साक्ष नोंदवण्याची एक रीत आहे. एखादा शब्द सर्व शाखांत आढळला आणि त्याच्या उच्चारातील फरक ठरावीक नियमाने पडलेला असला, तर तो सामाईक पूर्वजाकडून वारशाने आला असे मानतात. सर्बियनमध्ये 'ग्राद', पोलिशमध्ये 'ग्रुद', चेकमध्ये 'ह्राद', रशियनमध्ये 'गोरोद'. बेलग्रेड आणि नोवगोरोद या नगरनामांत हाच शब्द आहे, आणि मूळ अर्थ आहे कुंपण घातलेली वस्ती. आपल्या 'गृह' आणि 'घर' या शब्दांचेही मूळ तेच मानले जाते.

आश्चर्य वाटले ना? पण स्लाव्ह कुटुंबाच्या उंबरठ्यावर उभे राहून हाक मारली, तर ओळखीचे अनेक आवाज ऐकू येतात. भावाला ते 'ब्रात' म्हणतात, संस्कृतात तो 'भ्राता'. विधवेला रशियन 'व्दोवा' म्हणतो. नवऱ्याचा भाऊ 'देवेर', म्हणजे संस्कृत 'देवर' आणि आपला दीर. सुनेला 'स्नोखा' म्हणतात. संस्कृत 'स्नुषा' झिजत झिजत मराठीत 'सून' झाली. संस्कृतातील 'भ' तेथे 'ब' होतो, 'ह' पुष्कळदा 'ज़' होतो. म्हणून 'हिम' आणि त्यांचा हिवाळा 'ज़िमा' ही एकाच घरची लेकरे. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन कुटुंबांनी सासर-माहेरची नाती मात्र त्याच शब्दांत जपून ठेवली.

युरोप आणि भारत यांच्या भाषांतील हे साम्य फार लवकर हेरणाऱ्यांत आपल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होते. १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदवले. सर विल्यम जोन्स यांचे सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे!

आता श्रद्धेच्या शब्दांकडे वळू. सिरिल आणि मेथोडियस यांनी देवासाठी 'बोग' हा जुना शब्द निवडला. तो संस्कृत 'भग' याचा सगोत्र. भग म्हणजे वाटा, भाग्य. 'भगवंत' त्यातूनच आला. हा शब्द स्लाव्हांना वारशाने मिळाला की शेजारच्या इराणी जमातींकडून, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण त्याच मुळापासून 'बोगाती' म्हणजे श्रीमंत आणि 'उबोगी' म्हणजे दरिद्री हे शब्द आले. देव म्हणजे वाटा देणारा, आणि ज्याच्या वाट्याला काही आले नाही तो गरीब, असा अर्थ त्या शब्दांच्या पोटात आहे. श्रद्धेला 'वेरा' म्हणतात. लॅटिनमधील 'सत्य' या अर्थाचा 'वेरुस' त्याचा भाऊबंद. आत्मा 'दुख', म्हणजे श्वास. रविवारला पोलिश भाषेत 'न्येजेला' म्हणतात, म्हणजे 'काम न करण्याचा दिवस'. रशियनांनी तो शब्द आठवड्याला देऊन टाकला आणि रविवारला 'वोस्क्रेसेन्ये', म्हणजे पुनरुत्थान, हे नाव ठेवले.

दुसरीकडे कितीतरी शब्द उसने आले. उपवासाला 'पोस्त' म्हणतात. तो जर्मन बोलीतील 'फास्त' होता, पण जुन्या स्लाव्ह जिभेला 'फ' ठाऊक नव्हता, म्हणून त्याचा 'प' झाला. चेक 'कोस्तेल' आणि पोलिश 'कोश्चूव' म्हणजे चर्च. ते लॅटिनमधील किल्लावाचक 'कास्तेल्लुम'पासून आले. मिस्साला पोलिश 'म्शा' म्हणतो, चेक 'म्शे'. क्रुसाला 'क्झिश' आणि 'क्रशीश'. लॅटिनमधून निघालेले हेच दोन शब्द दुसऱ्या वाटेने, पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि 'मिस्सा' व 'क्रूस' झाले.

मग प्रश्न उभा राहतो, खरे आपले कोणते? वारशाचे, की उसने? याचे उत्तर एका शब्दाने दिले आहे. राजाला चेक 'क्राल', पोलिश 'क्रुल' आणि रशियन 'कोरोल' म्हणतात. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सम्राट कार्ल, म्हणजे इ. स. ८१४ मध्ये निवर्तलेला शार्लमेन, याचेच नाव आहे. शब्द उसना, तरी ग्राद-ग्रुद-गोरोद यांच्यात जो नियमबद्ध फरक पडला, तोच यातही पडला. याचा अर्थ, स्लाव्ह बोली पुरत्या वेगळ्या होण्यापूर्वीच तो त्यांच्यात रुजला. पाहुणा म्हणून आला, कुटुंबात राहिला, आणि पुढच्या पिढ्यांना वारसा म्हणून मिळाला.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत योसेफ दोब्रोव्स्की यांचे नाव अग्रभागी आहे. १७७२ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले. पोर्तुगीज हिंदुस्थानात मिशनकार्यासाठी जाण्याची त्यांची तयारी चालली होती. १७७३ मध्ये येशूसंघ विसर्जित झाला आणि तो तरुण मायदेशीच राहिला. पुढे १७८६ मध्ये ते धर्मगुरू झाले, आणि १८२२ मध्ये त्यांनी जुन्या स्लाव्ह उपासना-भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. माक्स फास्मर यांची कथा आणखी हृदयस्पर्शी आहे. १९४४ च्या जानेवारीत बर्लिनवरील बॉम्बवर्षावात त्यांची जमवलेली साधनसामग्री जळाली. त्यांनी पुन्हा आरंभ केला, आणि रशियन व्युत्पत्तिकोशाचे तीन खंड १९५० ते १९५८ या काळात पूर्ण झाले.

इतके कष्ट कशासाठी? सिरिल आणि मेथोडियस यांना व्हेनिसमध्ये विरोधकांनी अडवले होते. देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत शोभते, असा त्यांचा दावा होता. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, असा सिरिल यांचा युक्तिवाद होता. पोप एड्रियन दुसरे यांनी स्लाव्ह ग्रंथांना मान्यता दिली. इ. स. ८६९ मध्ये सिरिल रोममध्ये निवर्तले. मेथोडियस यांना मात्र पुढे कैद सोसावी लागली, आणि ८८५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर शिष्यांना मोरावियातून हाकलण्यात आले. पण शब्द हद्दपार झाले नाहीत. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी या दोन्ही बंधूंना युरोपचे सहआश्रयदाते घोषित केले.

आपल्या प्रार्थनेतील पोर्तुगीज शब्दांवरून कोणी आपल्याला परके म्हणते, तर कोणी जुन्या बोलीतील शब्दांची लाज बाळगते. दोघांनीही स्लाव्हांचा हा इतिहास वाचावा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत स्लाव्ह मनुष्य देवाला 'ओतेत्स' म्हणतो. तो शब्द 'पितृ'पासून आलेला नाही; लहान लेकरू वडिलांना ज्या बोबड्या शब्दाने हाक मारते, त्यापासून आला आहे. आणि आपला 'बाप'? त्याचेही मूळ लेकराच्या बोबड्या बोलातच आहे. वंशावळ कितीही मागे नेली, तरी शेवटी हाती लागते ती एका लेकराची हाक.