दरडीची नोंदवही

श्रोतेहो, आपली उमरी सपाट काळ्या मातीवर वसलेली आहे. येथल्या रुळांना दरडीची धास्ती नाही. मग हा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. देवगिरी गाडीने मुंबईस निघालेला उमरीचा माणूस झोपेतच कसारा घाट उतरतो. त्या वेळी त्याचा जीव ज्यांच्या डोळ्यांवर विसंबून असतो, त्यांची नावेही त्याला ठाऊक नसतात. त्या माणसांविषयी आज बोलावयाचे आहे.

सह्याद्री फोडून लोहमार्ग नेण्याचे काम बोर घाटात 1856 साली सुरू झाले. पंचवीस बोगदे खोदून ते 1863 साली पुरे झाले. कसाऱ्याचा थळ घाट 1865 मध्ये खुला झाला. बोर घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगल उसळली आणि फॅव्हिएल या कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडले. नवा कंत्राटदार ट्रेडवेल हिंदुस्थानात येताच मरण पावला, तेव्हा त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिसने, कंत्राट पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले. सुरुंग लावणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

घाट बांधून झाला, पण डोंगर स्वस्थ बसला नाही. सह्याद्रीचा काळा दगड थराथरांचा आहे. कठीण थराखाली ठिसूळ थर असतो. पावसाचे पाणी फटींत शिरते, खालचा थर झिजतो, वरचा कठीण दगड अधांतरी राहतो आणि एके दिवशी सुटतो. सुटण्यापूर्वी तो पुष्कळदा खुणा देतो: फट रुंदावते, झाड कलते, जेथे कोरडे होते तेथे पाणी झिरपते. या खुणा वाचणे हेच दरडीच्या धोक्याचे मोजमाप. पावसाळ्यापूर्वी घाटातल्या टोळ्या कड्यावर चढून सैल दगड पहारीने पाडतात, ते याच विद्येच्या बळावर.

दूरच्या स्कॉटलंडमध्ये 1881 साली ब्रँडर खिंडीत गाडीवर दगड आला. तेव्हा अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने डोंगरउतारावर तारांचे कुंपण घालून ते सिग्नलांना जोडले. तार तुटली की सिग्नल धोका दाखवी. वाऱ्यात तारा गुणगुणत, म्हणून लोक त्यास ‘अँडरसनचा पियानो’ म्हणू लागले. युक्ती नामी होती. तरी 2010 साली तेथेच गाडी घसरली, कारण दगड कुंपण आणि रूळ यांच्या मधल्या उतारावरून सुटला होता. यंत्र जेथे बसविले तेवढेच पाहते.

आपल्या कोकणात संपूर्ण मार्ग 1998 साली सुरू झाला. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ बोगद्याच्या तोंडाशी दरड आली, कारवारहून मुंबईस निघालेली सुट्टीची खास गाडी तिच्यावर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा गाडीला तसाच अपघात झाला. त्यानंतर उतार कमी करणे, जाळ्या बांधणे, खडकात लोखंडी खिळे ठोकणे, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरविणे आणि अहोरात्र गस्त घालणे या कामांवर भर आला. पण कोणत्या कटाईला आधी हात घालावयाचा, हा प्रश्न पैसा मर्यादित असला की उरतोच.

त्याचे उत्तर अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या रस्तेखात्याने 1980 नंतरच्या दशकात शोधले. उताराची उंची, दगडाचा आकार, पाणी, फटींची दिशा अशा एकेका बाबीला 3, 9, 27 किंवा 81 गुण द्यावयाचे. बेरीज मोठी तेथे काम आधी. त्या तक्त्यात एक रकाना ‘पूर्वी किती वेळा दगड पडले’ याचा आहे. तो भरावयास साहेबाला रस्ता राखणाऱ्या मजुरालाच विचारावे लागते. आम्हाला या पद्धतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आम्ही पुस्तकांपेक्षा कामगारांच्या बैठकांतच अधिक शिकलो. तेथे घाटातला एक निवृत्त गँगमन म्हणाला होता, “दगड मोठा पडला तर पंचनामा होतो, लहान पडला तर आम्ही उचलून बाजूला टाकतो.” श्रोतेहो, मोठ्या दगडाची वर्दी त्या लहान दगडातच असते. त्याने उचललेला प्रत्येक दगड वहीत चढला पाहिजे, आणि ती वही वाचणारा कोणी वर बसलेला पाहिजे. गस्तीच्या जागा रिकाम्या राहिल्या, तर वहीची पाने कोरी राहतात. मग अपघात घडला की आपण दैवाला बोल लावतो. दगडाला दैव नसते. त्याला इतिहास असतो, आणि तो लिहिणारा माणूस रुळावरून पायी चालत असतो.